मशीहा देव आहे, हे कधी ठरलं?

इ.स. 40 च्या सुमाराला रोमचा सम्राट कालिगुला याने हुकूम सोडला की यरुशलेमच्या मंदिरात आपला पुतळा बसवायचा. सीरियाचा सुभेदार पेत्रोनियस सैन्य घेऊन निघाला. यहुदी इतिहासकार योसेफस सांगतो की ऐन पेरणीचे दिवस असूनही लोकांनी शेतं तशीच टाकली, झुंडीच्या झुंडी पेत्रोनियससमोर येऊन जमिनीवर पालथ्या पडल्या आणि माना पुढे करून म्हणाल्या, आधी आम्हाला मारा. त्यांच्या हातात शस्त्रं नव्हती. देवाच्या मंदिरात माणसाचा पुतळा बघायची वेळ येण्यापेक्षा मेलेलं बरं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पेत्रोनियस चालढकल करत राहिला, पुढच्या वर्षीच्या जानेवारीत कालिगुलाचा खून झाला, आणि संकट टळलं.

याच काळात, याच यरुशलेमात, याच लोकांपैकी काही जण एका गालीली सुताराची प्रार्थना करत होते. रोमन सुभेदाराने त्याला वधस्तंभावर दिल्याला तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती. त्यांच्यापैकी स्तेफनावर दगडांचा मारा झाला तेव्हा मरताना तो म्हणाला, ‘प्रभू येशू, माझ्या आत्म्याचा स्वीकार कर.’ मरणाच्या दारात आपला आत्मा परमेश्वराच्या हाती सोपवावा, हे त्याला यहुदी शास्त्रातल्या स्तोत्रसंहितेने शिकवलं होतं. त्याने तो येशूच्या हाती सोपवला. ही माणसं यहुदी धर्म सोडून गेलेली नव्हती. येशूचे शिष्य पेत्र आणि योहान प्रार्थनेच्या वेळेला मंदिरात जात असत. ‘हे इस्राएला, ऐक, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच’ हे शब्द म्हणतच ती लहानाची मोठी झाली होती. पुतळा अडवायला निघालेल्या त्या गर्दीत त्यांचे भाऊबंद असणारच.

मशीहाच्या, म्हणजे यहुदी शास्त्रात वचन दिलेल्या राजाच्या (ख्रिस्ती लोकांच्या लेखी येशूच्या), देवत्वावर बोलायचं तर सुरुवात या कोड्यापासून करायला हवी. आज मात्र सुरुवात बहुतेक वेळा दुसऱ्या टोकाकडून होते. येशू हा एक सज्जन गुरू होता, 325 साली निकेया इथे सम्राट कॉन्स्टंटाइनने धर्माध्यक्षांना बोलावलं, मतदान घेतलं आणि त्याला देव करून टाकलं, असं सर्रास ऐकायला मिळतं. याचंच जरा अभ्यासू रूप असं की ग्रीक-रोमन जगात देवांना तोटा नव्हता, तिथे राजे देव होत आणि वीरही देव होत. ख्रिस्ती चळवळ त्या जगात शिरली आणि तिथल्या चालीप्रमाणे तिचा संस्थापक देव झाला. शंभर वर्षांपूर्वी जर्मन विद्यापीठांत या मताचा मोठा दबदबा होता. दोन्ही रूपांमागे गृहीत एकच: आधी माणूस, मग हळूहळू देव.

माझं म्हणणं असं की हाताशी असलेली कागदपत्रं हा क्रम मान्य करत नाहीत. येशू खरोखर देव आहे का, हा श्रद्धेचा प्रश्न आहे. मी ती श्रद्धा धरणारा आहे आणि ते लपवत नाही. पण त्याच्या पहिल्या अनुयायांनी त्याला कोण मानलं, हा इतिहासाचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर श्रद्धा नसलेल्या माणसालाही तपासता येतं.

बायबलच्या नव्या करारातली सर्वांत जुनी लिखाणं शुभवर्तमानं, म्हणजे येशूची चरित्रं, नव्हेत, प्रेषित पौलाची पत्रं आहेत. करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र साधारण 55 सालचं, म्हणजे वधस्तंभानंतर पंचवीसएक वर्षांचं. त्याच्या आठव्या अध्यायातला विषय अगदी व्यवहारातला आहे: मूर्तीला वाहिलेलं मांस खावं की नाही. त्या ओघात पौल लिहितो की जगात देव म्हणवणारे पुष्कळ असतील, पण आपल्याला एकच देव, पिता, ज्याच्यापासून सर्व काही आहे. आणि एकच प्रभू, येशू ख्रिस्त, ज्याच्या द्वारे सर्व काही आहे. यहुदी घरात वाढलेल्याला हे वाक्य ऐकताच ओळखू येईल. ‘परमेश्वर’, ‘देव’, ‘एकच’ हे रोजच्या प्रार्थनेतले शब्द पौलाने उचलले आणि त्या प्रार्थनेच्या आत येशूला आणलं. एका देवाशेजारी त्याला दुसरा देव उभा करायचा असता तर ‘एकच’ म्हणण्याचा हट्ट त्याने धरला नसता. शिवाय सृष्टी घडवण्याचं काम, जे यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात परमेश्वर ‘मी एकट्याने केलं’ असं म्हणतो, त्या कामातच त्याने येशूला धरलं आहे.

या उताऱ्यात मला सगळ्यात मोलाची वाटते ती त्यातली सहजता. पौल इथे ख्रिस्ताचं देवत्व पटवून देत नाही. वाद मांसाचा आहे, आणि तो सोडवण्यासाठी दोन्ही बाजूंना आधीपासून मान्य असलेली गोष्ट तो पुढे करतो. वादाच्या मुद्द्यावर पौल कसा तुटून पडतो, हे पाहायचं तर गलतीकरांस लिहिलेलं पत्र वाचावं. गैरयहुद्यांची सुंता करावी की नाही, हा त्या पत्रातला वाद, आणि गैरयहुद्यांच्या पंगतीतून उठला म्हणून त्याने अंत्युखियात खुद्द पेत्राला सगळ्यांसमोर धारेवर धरलं. ‘तू एका माणसाला देव केलंस’ असा आरोप यरुशलेमच्या मंडळीने त्याच्यावर केल्याची खूण मात्र एकाही पत्रात नाही. सुंतेवरून एवढं रान पेटलं, आणि इस्राएलाच्या देवाविषयी काही नवीनच सांगितलं जात असताना ते लोक गप्प बसले, हे पटणारं नाही. ते गप्प होते कारण पौल जे सांगत होता ते त्यांचंही मत होतं.

याच पत्राच्या शेवटी ‘मारानाथा’ असा उद्गार येतो. पत्र ग्रीक, ऐकणारे ग्रीक बोलणारे, आणि मध्येच ही अरामी भाषेतली प्रार्थना: ‘आमच्या प्रभू, ये.’ पौल तिचा अर्थही सांगत बसत नाही, कारण ‘आमेन’सारखी तीही त्यांच्या तोंडी बसलेली होती. ती आली अर्थातच अरामी बोलणाऱ्या मंडळ्यांतून, येशूची स्वतःची भाषा जिथे बोलली जात होती तिथून. ग्रीक जगात गेल्यावर येशू देव झाला असता तर त्याला उद्देशून केलेली सर्वांत जुनी प्रार्थना ग्रीक असायला हवी होती.

फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातला उतारा तर याहून जुना असावा. पुष्कळ अभ्यासकांच्या मते ते आधीच गायलं जाणारं स्तवन असून पौलाने ते पत्रात घेतलं आहे. ख्रिस्त देवाच्या स्वरूपाचा होता, तरी देवाच्या बरोबरीचं असणं हे त्याने स्वतःच्या लाभासाठी वापरायची गोष्ट मानली नाही. त्याने स्वतःला रिकामं केलं, दासाचं रूप घेतलं, आणि वधस्तंभावरचं मरण सोसण्याइतका तो आज्ञाधारक राहिला. पुढे येतं ते असं की येशूच्या नावापुढे प्रत्येक गुडघा टेकेल आणि प्रत्येक जीभ तो प्रभू आहे असं कबूल करेल. हे शब्द यशयाच्या 45 व्या अध्यायातले. जुन्या करारात एकेश्वरवादाचा याहून खणखणीत उच्चार शोधून सापडणार नाही: ‘मीच देव आहे, दुसरा कोणी नाही, माझ्यापुढे प्रत्येक गुडघा टेकेल.’ नेमकं तेच वचन येशूला लावायचं, हे अजाणता होणं शक्य नाही. आणि फिलिप्पै ही रोमन वसाहत होती, निवृत्त सैनिकांचं गाव, सम्राटाला दैवी मान देणारं. तिथे हे गायलं जात होतं. कालिगुला देवाच्या जागेवर चढू पाहत होता. या स्तवनातला प्रभू त्या जागेवरून खाली उतरला. दैवी सन्मान मिळवलेल्या माणसांच्या रांगेत येशूला बसवणाऱ्यांनी हा दिशेचा फरक नीट पाहावा.

मग एवढ्या कडव्या एकेश्वरवाद्यांना हे सुचलं कसं? येशू मेलेल्यांतून उठला आणि आम्ही त्याला पाहिलं, हे त्यांचं स्वतःचं उत्तर. पण तेवढं पुरत नाही. येशूने जिवंत केलेला लाजर कबरेतून बाहेर आला असं तेच सांगतात, तरी लाजराची उपासना कोणी केली नाही. एलीया संदेष्टा वावटळीतून स्वर्गात गेला, त्याच्याही नावाने कोणी बाप्तिस्मा दिला नाही. येशूच्या बाबतीत ते घडलं, कारण शास्त्रात एका गोष्टीची वाट पाहणं चालू होतं आणि ती गोष्ट कोणत्याही माणसाने, संदेष्ट्याने किंवा देवदूताने पुरी होण्यासारखी नव्हती.

यहेज्केलाचा 34 वा अध्याय घ्या. बाबेलच्या बंदिवासातला हा संदेष्टा इस्राएलाच्या राज्यकर्त्यांवर, म्हणजे मेंढपाळांवर, आग पाखडतो. तुम्ही चरबी खाता, लोकर पांघरता, पुष्ट मेंढरं कापता, पण कळप चारत नाही. आजाऱ्याला औषध नाही, हरवलेल्याचा शोध नाही. मग परमेश्वर म्हणतो की आता मी स्वतः माझ्या मेंढरांचा शोध घेईन, मी स्वतः त्यांना चारीन, हरवलेलं मी शोधीन, मोडलेल्याला मी पट्टी बांधीन. सलग सहा वचनं हा ‘मी’ चालू राहतो. आणि थोडं पुढे गेलं की तोच परमेश्वर सांगतो: त्यांच्यावर मी एक मेंढपाळ नेमीन, माझा सेवक दावीद, तो त्यांना चारील. दावीद जाऊन तेव्हा साधारण चारशे वर्षं झाली होती, तेव्हा रोख उघडच येणाऱ्या दावीदवंशी राजाकडे, मशीहाकडे आहे. आता मेंढपाळ कोण, परमेश्वर की मशीहा? यहेज्केल दोन्ही गोष्टी शेजारी ठेवतो आणि काही न उलगडता पुढे जातो.

देव प्रतिनिधी पाठवतो तेव्हा तो स्वतःच आल्यासारखं असतं, अशी एक वाट इथून निघते, आणि यहुदी परंपरेने बहुतांशी तीच धरली. ती वाट अडाणीपणाची नाही. पण त्या अध्यायाचा सगळा राग प्रतिनिधींवरच आहे, हे विसरून चालणार नाही. प्रतिनिधी निकामी ठरले म्हणून देव ‘आता मी स्वतः’ म्हणतो आहे. त्याची समजूत आणखी एका प्रतिनिधीने निघेल का? यशया 59 मध्येही हेच घडतं: मध्यस्थी करायला कोणी नाही हे पाहून परमेश्वर चकित होतो, आणि त्याचाच बाहू तारण साधतो. यशया 40 मध्ये अरण्यात रस्ता तयार करायला सांगितलं आहे ते परमेश्वरासाठी, आणि यहूदाच्या नगरांना कळवायचं ते ‘पाहा, तुमचा देव’ हे. मार्काचं शुभवर्तमान उघडल्याबरोबर हेच वचन समोर येतं. रस्ता तयार करणारा बाप्तिस्मा करणारा योहान ठरतो, आणि त्या रस्त्यावरून येतो नासरेथचा येशू. जक्कयाच्या घरी तो म्हणतो की मनुष्याचा पुत्र हरवलेल्याला शोधायला आणि तारायला आला आहे. यहेज्केल वाचलेल्याला ते वाक्य कुठलं हे सांगावं लागत नाही.

दानीएलाच्या सातव्या अध्यायातलं दर्शनही असंच आहे. सिंहासनं मांडली जातात, एक नव्हे, अनेक. पुराणपुरुष, म्हणजे देव, बसतो. मग आकाशातल्या मेघांसह मनुष्याच्या पुत्रासारखा कोणी येतो आणि सगळ्या लोकांनी, राष्ट्रांनी त्याची सेवा करावी असं कायमचं राज्य त्याला मिळतं. मेघांवर स्वार होऊन येणं हे जुन्या करारात परमेश्वराचं लक्षण आहे. दुसरं सिंहासन कोणाचं, यावर यहुदी गुरूंमध्येही चर्चा झाली. तालमुदात, म्हणजे यहुदी गुरूंच्या चर्चांच्या संग्रहात, नोंद आहे की रब्बी अकिवा म्हणाले, एक देवासाठी आणि एक दावीदासाठी. गालीलचे रब्बी योसे कडाडले: अकिवा, देवाच्या सान्निध्याचा असा उपमर्द कुठवर करणार? मग अकिवांनी उत्तर बदललं. मला ही नोंद फार बोलकी वाटते. अकिवा ख्रिस्ती नव्हते. रोमविरुद्ध बंड करणारा बार कोखबा हा मशीहा आहे असं मानणारे आणि रोमनांच्या हातून हौतात्म्य पत्करणारे ते थोर गुरू. मशीहाला देवाशेजारी बसवणारं वाचन त्यांच्याही मनात आलं, कारण मजकुरातच त्याला जागा आहे.

इथे माझ्याच बाजूच्या लोकांना थोडं सुनवायला हवं. मशीहाचं देवत्व दाखवण्याच्या उत्साहात कच्चे दाखले पुढे करू नयेत. योहानाच्या पहिल्या पत्रात ‘स्वर्गात साक्ष देणारे तिघे’ हे जे वाक्य जुन्या छापील प्रतींमध्ये सापडतं, ते प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत नाही. ते नंतर शिरलं. यिर्मया 23 मध्ये येणाऱ्या राजाला ‘परमेश्वर आमची धार्मिकता’ असं नाव दिलं आहे, तेवढ्यावरून तो परमेश्वर ठरत नाही, कारण दहा अध्यायांनी तेच नाव यरुशलेम नगरीला दिलेलं आहे. यशया नवव्या अध्यायातलं ‘समर्थ देव’ हे नाव यापेक्षा वजनदार आहे, कारण लगेच पुढच्या अध्यायात तेच शब्द खुद्द परमेश्वरासाठी येतात. तरी तिथेही यहूदाचा राजा हिज्कीया याच्याकडे बोट दाखवणारं जुनं यहुदी वाचन आहे आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. सुटी वचनं टाचून हा दावा उभा राहत नाही, आणि त्याला तशी गरजही नाही.

शुभवर्तमानांबद्दल एक समज पक्का झाला आहे की देव येशू फक्त योहानाकडे, मार्काचा येशू साधा माणूस. मार्काचा दुसराच अध्याय पाहावा. कफर्णहूमचं घर माणसांनी भरलेलं, चौघे जण एका पक्षाघाती माणसाला घेऊन येतात, दारातून शिरता येत नाही म्हणून छपराला भगदाड पाडून त्याला खाटेसकट खाली सोडतात. येशू त्याला म्हणतो, ‘मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे.’ बसलेले शास्त्री मनात म्हणतात, हे दुर्भाषण, म्हणजे देवनिंदा, आहे, एका देवावाचून पापांची क्षमा कोण करू शकतो? त्यांचा प्रश्न रास्त आहे. नाथान संदेष्ट्याने दावीदाला क्षमेचा निरोप दिला होता, पण तो म्हणाला होता, ‘परमेश्वराने तुझं पाप दूर केलं आहे.’ मंदिर, याजक, अर्पण ही सगळी व्यवस्था क्षमा देवाकडून येते म्हणूनच होती. येशू ना परमेश्वराचं नाव घेतो ना मंदिराकडे पाठवतो. शास्त्र्यांची गैरसमजूत झाली असती तर ती दूर करायला एक वाक्य पुरलं असतं. त्याऐवजी तो म्हणतो, मनुष्याच्या पुत्राला पृथ्वीवर पापांची क्षमा करण्याचा अधिकार आहे हे तुम्हाला कळावं म्हणून. आणि त्या माणसाला उठून खाट उचलायला सांगतो.

खटल्याच्या रात्रीही तसंच. महायाजक विचारतो, तू मशीहा आहेस का? येशू उत्तरात दानीएल सात आणि स्तोत्र 110 एकत्र गुंफतो: मनुष्याचा पुत्र सर्वसमर्थाच्या उजवीकडे बसलेला आणि आकाशातल्या मेघांसह येताना तुम्ही पाहाल. महायाजक वस्त्रं फाडतो. नुसता मशीहा असल्याचा दावा करणं यहुदी दृष्टीने दुर्भाषण नव्हतं. अकिवांनी बार कोखबाला मशीहा म्हटलं तेव्हा त्यांची चूक काढणारे निघाले, पण देवनिंदेचा ठपका कोणी ठेवला नाही. वस्त्रं फाटली ती सिंहासनावर बसण्याच्या दाव्यामुळे. त्या क्षणी महायाजकाला येशूचं म्हणणं आजच्या पुष्कळ सहानुभूतीदारांपेक्षा नीट कळलं होतं.

उपासनेच्या बाबतीत नवा करार ढिला आहे असंही नाही. रोमन शताधिपती कर्नेल्य पाया पडतो तेव्हा पेत्र त्याला उठवतो आणि म्हणतो, मीही माणूसच आहे. लुस्त्रात लोक पौल-बर्णबाला देव समजून बैल कापायला निघतात तेव्हा ते दोघं कपडे फाडून गर्दीत धावतात. प्रकटीकरणात देवदूतसुद्धा नमन नाकारतो: असं करू नको, देवाला नमन कर. आणि त्याच प्रकटीकरणात सगळी सृष्टी सिंहासनावर बसलेल्याला आणि कोकऱ्याला, म्हणजे येशूला, एकाच स्तवनात नमन करते. शिष्य थोमा येशूला ‘माझा प्रभू आणि माझा देव’ म्हणतो, तेव्हा येशू त्याला उठवत नाही.

आता उलट बाजूची वचनं. ती आहेत आणि त्यांच्यावरून उडी मारून जाता येत नाही. शेवटच्या दिवसाची ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही, असं येशू म्हणतो. ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ हेही त्याचंच. पौल लिहितो की शेवटी पुत्र स्वतः पित्याच्या अधीन होईल. पण ही वचनं कोणी लिहिली ते पाहावं. ‘पिता थोर आहे’ हे लिहिणाऱ्या योहानानेच थोमाची कबुली लिहिली. पुत्राच्या अधीनतेचं वाक्य मूर्तीच्या मांसाबद्दलच्या त्याच पत्रात आहे. लेखकांना दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या वाटत होत्या. दोनपैकी एक निवडा, ही सक्ती आपण त्यांच्यावर लादतो. पुत्र देव असून खरोखर माणूस झाला असेल, तर तो थकणार, झोपणार, रडणार, न जाणणार आणि पित्याला प्रार्थना करणार. बाहेरून माणसासारखा दिसणारा आणि आतून काहीच न सोसणारा देव चर्चला कधी मान्य झाला नाही. तसं म्हणणाऱ्यांना योहानाच्या पत्रांतच खडे बोल ऐकवले आहेत. शिवाय देवत्व मागाहून चिकटवलं गेलं असतं तर ही अडचणीची वचनं आधी गाळली गेली असती. मत्तयाच्या पुष्कळ हस्तलिखितांत ‘पुत्रालाही ठाऊक नाही’ हे शब्द नाहीत, म्हणजे नकल करणाऱ्यांना ते टोचले असावेत. मार्कात ते टिकले आणि आजही वाचले जातात.

निकेयाची गोष्टही जे ऐकू येतं त्यापेक्षा वेगळी आहे. तिथे वाद ‘येशू माणूस की देव’ असा नव्हताच. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू आरियस पुत्राला जगाच्या आधीचा मानत होता, जग त्याच्या द्वारे निर्माण झालं असं मानत होता आणि त्याची उपासनाही करत होता. त्याचं म्हणणं एवढंच की पुत्र निर्माण केलेला आहे, तो नव्हता असा एक काळ होता. परिषदेने उत्तर दिलं की पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे. अडीचशे ते तीनशेच्या दरम्यान धर्माध्यक्ष जमले होते. आरियसच्या बाजूने अखेरपर्यंत ठाम राहिले ते दोघे. पुढची कहाणी तर सम्राटाने श्रद्धा लादली या समजुतीला चक्क उलटी जाते. कॉन्स्टंटाइनने आरियसला परत बोलावलं, आणि 337 साली मरणशय्येवर बाप्तिस्मा घेतला तो आरियसची पाठराखण करणाऱ्या धर्माध्यक्ष युसेबियसकडून. त्याचा मुलगा कॉन्स्टंटियस उघडपणे निकेयाच्या विरोधात होता. निकेयाची बाजू लढवणारा अलेक्झांड्रियाचा धर्माध्यक्ष अथनासियस पाच वेळा हद्दपार झाला. शेवटी सम्राट थिओडोसियसच्या काळात, 381 साली, पारडं कायमचं फिरलं, तेव्हा राजसत्तेचा हात या प्रकरणात नव्हता असं मी म्हणणार नाही. मात्र तो हात बराच काळ दुसऱ्या बाजूला होता.

आणि निकेयाच्या कितीतरी आधीचे पुरावे ख्रिस्ती नसलेल्यांच्या हातचेही आहेत. बिथुनियाचा सुभेदार प्लिनी साधारण 112 साली सम्राट ट्राजनला कळवतो की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याचं स्तवन गातात. रोममध्ये पॅलटाइन टेकडीवर एका भिंतीवर कोणीतरी कुचेष्टेने चित्र खरडलं आहे: वधस्तंभावर गाढवाच्या तोंडाचा माणूस, समोर हात उंचावलेला भक्त, आणि खाली ‘अलेक्सामेनोस आपल्या देवाची उपासना करतो’. 2005 साली इस्राएलमधल्या मगिद्दो इथे तुरुंगाच्या आवारात खोदकाम चालू असताना एका प्रार्थनागृहाची नक्षीदार फरशी सापडली. उत्खनन करणाऱ्यांनी तिचा काळ साधारण 230 धरला आहे. गायानस नावाच्या रोमन शताधिपतीने ती स्वखर्चाने करून घेतली. तिच्यावरच्या एका ग्रीक लेखात अकेप्तूस नावाच्या बाईने दिलेल्या मेजाची नोंद आहे: देवप्रिय अकेप्तूसने हे मेज देव येशू ख्रिस्ताला स्मरणार्थ अर्पण केलं. त्या बाईला निकेयाची वाट पाहावी लागली नाही.

यहुदी आणि मुस्लिम वाचकांची हरकत मला ठाऊक आहे आणि तिच्याबद्दल आदर आहे. यहुदी तत्त्वज्ञ मैमोनिदेस यांनी बाराव्या शतकात स्पष्ट लिहिलं की मशीहा हा दावीदवंशी राजा, माणूसच, आणि देवाला देह नाही. कुराण येशूला मसीह म्हणतं, पण त्याला देव म्हणणं साफ नाकारतं. हे नकार दाव्याचं वजन ओळखून दिलेले आहेत. ‘थोर गुरू होता, बाकी नंतरचं’ असं म्हणणाऱ्यांपेक्षा या नकारांशी बोलणं मला सोपं जातं. आणि इथे एक गोष्ट बोललीच पाहिजे. मशीहा देव आहे, मग यहुद्यांनी देवाला मारलं, असं म्हणत ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांनी शतकानुशतकं यहुद्यांचा छळ केला. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली स्पष्ट केलं की ख्रिस्ताच्या मरणाचा दोष तेव्हाच्या सगळ्या यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर लादता येत नाही. हे म्हणायला फारच उशीर झाला. येशूला ‘माझा देव’ म्हणणारा थोमा यहुदी होता, स्तेफन यहुदी होता, पौलही यहुदी होता. ज्या समाजाने हा विश्वास जगाला दिला त्याच्याच विरोधात तो वापरला गेला, हे त्या विश्वासाशी द्रोह करणंच होतं.

आता शेवटची हरकत, जी मला सगळ्यात गंभीर वाटते. काही विचारी माणसं म्हणतात की जगाच्या पापासाठी एका निरपराध माणसाला मरू द्यायचं, यात न्याय कुठे आणि प्रेम कुठे? येशू देवाहून वेगळा, निर्माण केलेला कोणी असेल, मग तो कितीही थोर का असेना, तर या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. मग देवाने तिऱ्हाइताला पुढे केलं आणि स्वतः सुरक्षित राहिला. आरियसचा देव असाच आहे: अलिप्त, न सोसणारा, मधल्या कोणाकडून काम करवून घेणारा. तारण कोणी करायचं यावर अथनासियस आयुष्यभर अडून बसला, तो याच मुद्द्यावर. पौल करिंथकरांना दुसऱ्या पत्रात लिहितो की देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. आणि त्याच्याही आधी जखऱ्या संदेष्ट्याच्या बाराव्या अध्यायात, हिब्रू मजकूर जसा आपल्यापर्यंत आला आहे तसा, परमेश्वर स्वतःच्या तोंडाने बोलतो: ज्याला त्यांनी भोसकलं त्या माझ्याकडे ते पाहतील, आणि एकुलत्या एका मुलासाठी करावा तसा त्याच्यासाठी शोक करतील. एकाच वाक्यात ‘माझ्याकडे’ आणि ‘त्याच्यासाठी’. योहान वधस्तंभाजवळ हेच वचन उद्धृत करतो, येशूच्या कुशीत भाला गेल्यानंतर.